साबाच्या लग्नाला वडील आले नाहीत

माझी चुलत बहीण लेतेब्रहान अमेरिकेत कोलंबस शहरात इस्पितळाच्या लाँड्रीत काम करते. घराची वरची खोली तिनं साबाला दिली होती. भाडेकरू हे नावापुरतंच. आई नसलेली पोरगी, इरिट्रियातून पायी सीमा ओलांडून निघालेली, हाडं मोजून घ्यावीत अशी आली होती. लेतेब्रहानच्या हातची झिग्नी, म्हणजे तिखट मांसाचा रस्सा, आणि इंजेराच्या आंबट पोळ्या खाऊन चांगली भरली.

साबा जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चची, लेतेब्रहान मोठ्यानं गाऊन प्रार्थना करणाऱ्या नव्या पेंटेकोस्टल पंथाची.

"मावशी, तुमचा देव कानानं अधू आहे का गं? केवढ्यानं गाता!" साबा चिडवायची.

"तुमचा झोपलाय, त्यालाही जाग यावी म्हणून," असं उत्तर ठरलेलं.

या गाण्यापायीच मायदेशात, इरिट्रियात, लेतेब्रहानला धरलं होतं; तिथं या पंथावर सरकारची बंदी. घरात चार बायका प्रार्थनेला जमल्या, एवढाच गुन्हा. वाळवंटातल्या छावणीत त्यांना लोखंडी कंटेनरमध्ये कोंडलं. दिवसा पत्रा तव्यासारखा तापायचा, रात्री हाडं गारठायची. हा धर्म सोडते म्हणून सही कर, सोडून देतो, असं रोज सांगायचे. तिनं केली नाही. तिची मैत्रीण म्हरेत त्या कंटेनरमध्येच गेली. हे सारं ती फारसं बोलायची नाही. मावशी तुरुंगात होती, इतकंच साबाला ठाऊक होतं.

साबाचं लग्न ठरलं आणि तिच्या वडिलांनी अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. धर्मावरून लोकांचा छळ करणाऱ्या अधिकाऱ्यांना कायद्यानं प्रवेश नाही, असं वकिलातीनं कळवलं. साबा रडतच स्वयंपाकघरात आली. बाबा लष्कराच्या कोठारात हिशेब बघायचे, काहीतरी घोटाळा झालाय, असं म्हणत तिनं फोनमधला फोटो पुढे धरला.

"तूच बघ. हा माणूस कुणाला छळेल?"

लेतेब्रहान कॉफीचे दाणे भाजत होती. तिनं फोटो पाहिला. गप्प बसणं अगदी सोपं होतं, असं तिनं मला पुढे सांगितलं. तिनं तवा खाली उतरवला.

"साबा, बस इथे. मी जिथे कैदेत होते, त्या छावणीचा प्रमुख हाच होता. आम्हाला कोंडायचा हुकूम हाच द्यायचा. इथे आल्यावर सरकारी माणसांनी मला छावणीबद्दल, तिथे गेलेल्या माझ्या मैत्रिणीबद्दल, म्हरेतबद्दल विचारलं, तेव्हा याचं नाव मीच सांगितलं."

साबा उठली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली. लेतेब्रहाननं तिची खोली रोज झाडून ठेवली, पण एकदाही फोन केला नाही. तिला वेळ हवा, म्हणाली.

एका रविवारी दुपारी साबा परत आली. तिनं वडिलांना फोन करून सरळ विचारलं होतं. ते नाही म्हणाले नव्हते. वरून हुकूम होता आणि ते लोक हट्टी होते, इतकंच म्हणाले.

"तू बोलली नसतीस ना मावशी," साबा म्हणाली, "तर मी त्यांना लग्नात तुझ्याच शेजारी बसवलं असतं. फार उपकार झाले तुझे."

लेतेब्रहाननं तिला जवळ घेतलं. "बाप आहे तो तुझा. फोन तोडू नकोस. पण माझ्या दारात तो नको होता, आणि एवढं या देशानं माझं ऐकलं."

लग्नात मुलीकडून थोरलं कुणीच नव्हतं, तेव्हा साबानं लेतेब्रहानला पुढे बसवलं. पेंटेकोस्टल बाई आईच्या जागी कशी, म्हणून दोन म्हातारे कुरकुरले, पण नवरीनं ऐकलं नाही. आशीर्वाद देताना लेतेब्रहाननं देवाचे आभार मानले. मग ज्यांचं तोंडही तिनं पाहिलं नव्हतं, पण ज्यांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला, त्या वकिलातीतल्या माणसांचेही मानले. शेजारी बसताना हळूच मला म्हणाली, "म्हरेतबद्दल कुणी तरी विचारलं, हे काय कमी आहे?"

मग ढोल वाजू लागले आणि साबानं तिला हात धरून नाचायला ओढलं.