वळणावरचे कॅट-आय

सासूबाई म्हणजे पक्क्या ड्रायव्हर. रोपवाटिकेतली रोपं टेम्पोत भरून गावोगाव पोचवण्यात त्यांची हयात गेली. पण मागच्या हिवाळ्यात तळ्याजवळच्या वळणावर अंधारात टेम्पो थेट चरात गेला आणि बाईंनी हायच खाल्ली. दिवस कलला की किल्ली खुंटीला. आता तर टेम्पोच विकायला काढला होता. सकाळी गिऱ्हाईक येणार होतं.

सुनेचा जीव तुटत होता. टेम्पो गेला की सासूबाई घरात बसून झुरणार, आणि झुरता झुरता आपल्या स्वयंपाकात नाक खुपसणार! योगायोग बघा, सून रस्त्याच्या कामावर मुकादम, आणि त्याच वळणावर तिच्या टोळीने नुकतेच कॅट-आय चिकटवले होते. गाडीचा उजेड पडला की चमकणारे ते चौकोनी तुकडे, तेच.

दिवेलागणीला तिने किल्ली सासूबाईंच्या हातात कोंबली. "एकदाच चला, आई. मी शेजारी बसते."

"आणि पुन्हा चरात गेलो तर?"

"दोघी जाऊ. जेवण तुमचा मुलगा करेल."

टेम्पो गोगलगायीच्या चालीने निघाला. वळणावर उजेड पडला, आणि रस्त्याच्या कडेने पांढरे ठिपके एकामागून एक लखलखत उजवीकडे वळत गेले.

"अगं बाई!" सासूबाई ओरडल्या. "रस्ता असा वळतो होय? मी मेली सरळच गेले होते!"

सुनेला हसू आवरेना. तेवढ्यात सासूबाईंनी ब्रेक मारला. "तो एकच लाल का गं?"

सुनेने कपाळावर हात मारला. कॅट-आयची मागची बाजू लाल असते. एक उलटा बसला होता.

"वा, मुकादमबाई! निघाल्या जगाला वाट दाखवायला! उतर, काढ तो. मी पुढून टेम्पो वळवून आणते."

"एकट्या?"

"मग काय वरात काढू?"

सून पिशवीतली छिन्नी-हातोडी घेऊन उतरली. मोबाइलच्या उजेडात तिने तो तुकडा उखडला, तरी टेम्पोचा पत्ता नाही. ती रस्त्यावर पुढे जाऊन दिवे शोधू लागली. अखेर फोन वाजला.

"अगं, वळवायला जागा बघत पुढे गेले, मग पुढेच जावंसं वाटलं. पुढच्या गावात बहिणीच्या दारात उभी आहे. मला अंधारात आलेली बघून ती रडतेच आहे, वेडी!"

"आणि मी?"

"अगं बाई, तू रस्त्यावरच राहिलीस की! थांब, आलेच. आणि त्या गिऱ्हाइकाला सांग, टेम्पो विकायचा नाही."

सुनेने डोळे पुसले. "सावकाश या हो, आई."

"सावकाश कशाला? रस्ता दिसतोय की!"