सोइलाबाईंची ताठ पाठ

सोइला फारिनांगोबाईंना वाकायची बंदी मी घातली होती. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. कायांबे ज्वालामुखीच्या उतारावर, आमच्याच गावात फिजिओथेरपीचा दवाखाना नुकता उघडला होता आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

सोइलाबाईंच्या पाच गायी होत्या. दुधाचा कॅन उचलताना कमरेत उसण भरली म्हणून त्या आल्या. महिन्याभरात ती आपोआप उतरली असती. पण मी प्लॅस्टिकचा कणा टेबलावर ठेवला, दोन मणक्यांमधली गादी अंगठ्याने दाबून दाखवली आणि म्हणाले, "पुन्हा अशा वाकलात तर ही फुटेल. पाठ कायम ताठ, पोट कायम आवळलेलं."

त्यांनी ते सहा वर्षं पाळलं. गायी विकल्या. सान पेद्रोच्या सणात नाचायचं सोडलं. नात जन्मली, तिला बसल्या जागी मांडीवर घेतलं, पण जमिनीवरून कधी उचललं नाही. दुखणं काही गेलं नाही. ते वाढलं की त्या आणखी ताठ व्हायच्या.

पाचव्या वर्षी मी राजधानीत, किटोला, एका प्रशिक्षणाला गेले. सतत आवळून धरल्यानेच कित्येकांची कंबर दुखत राहते, त्यांना अंग सैल सोडून, न घाबरता वाकायला पुन्हा शिकवावं लागतं, असं तिथे कळलं. पहिल्याच दुपारी मला सोइलाबाई आठवल्या. परतल्यावर मी नव्या पेशंटना नवं शिकवू लागले. सोइलाबाईंकडे मात्र गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्ष काढलं. त्यांच्या अंगणासमोरून जायला नको म्हणून लांबच्या वाटेने घरी जायचे.

मग एका रविवारी बाजारात त्यांच्या पिशवीतून बटाटा घरंगळला. त्या खांबासारख्या उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या. मी उचलून दिला, तर केवढ्या अभिमानाने म्हणाल्या, "डॉक्टरबाई, तुमचा शब्द मोडला नाही हं. एकदासुद्धा वाकले नाही."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. मी चुकले, तुमच्या कण्याला काही झालेलं नाही, आपण पुन्हा शिकू, असं म्हणाले. त्या चुलीपाशी ताठ बसून ऐकत होत्या. मलाही तेव्हा तसंच शिकवलं होतं, हेही मी सांगून टाकलं. ते त्यांनी मान हलवून मान्य केलं.

"मग तुला खरं कळलं कधी?"

"वर्ष झालं."

एरवी अहो-जाहो करणाऱ्या सोइलाबाई मला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होत्या. "वर्षभर तू याच गावात होतीस ना?"



दोन आठवड्यांनी त्या स्वतःच दवाखान्यात आल्या. आम्ही पलंगावरून सुरुवात केली. गुडघे छातीशी घ्यायचे, श्वास सोडायचा, पोट ढिलं करायचं. मग खुर्चीत पाठ गोल करून आरामात बसायचं. पहिल्यांदा तशा बसल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पुढे हात मांडीवरून गुडघ्यापर्यंत, मग नडगीपर्यंत. तिसऱ्या महिन्यात त्यांची बोटं जमिनीला टेकली. त्या तशाच ओणव्या राहिल्या, आणि खालूनच म्हणाल्या, "दुखत नाहीये गं."

आता त्या शेजारणीच्या गायींची धार काढतात. अधूनमधून कंबर धरते, पण त्या घाबरत नाहीत. परवा अंगणात त्यांनी नातीला उचलायला हात पुढे केले. ती आता सहा वर्षांची आहे. "आजी, मी काय बाळ आहे का?" म्हणून ती पळून गेली. सोइलाबाई हसल्या. मी कुंपणाशी उभी होते, मला हसता आलं नाही.

माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. मागच्या आठवड्यात मात्र कंबर धरलेल्या आपल्या जावेला घेऊन आल्या. तिला खुर्चीत बसवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिला काय करायचं ते सांग. आणि उद्या तुला काही वेगळं कळलं, तर त्याच दिवशी येऊन सांग."