धर्माजीचे बूट

कळंबच्या मालनबाईंचा तांब्याचा हंडा चोरीला गेला आणि अंगणातल्या ओल्या मातीत बुटांचे मोठे ठसे सापडले. एवढे मोठे बूट गावात एकट्या धर्माजीचे. फौजदार म्हणून मी पोचायच्या आत लोकांनी त्याला खांबाला बांधूनही ठेवलं होतं.

"सोडा त्याला," ठसे पाहून मी म्हणालो. "बूट याचे असतील, पाय याचे नाहीत."

पोलीस पाटील हसले. असलं हसणं मला खपत नाही. मी त्यांना ठशाशेजारी उकिडवं बसवलं. टाच खोल रुतली होती, पुढचा भाग जेमतेम उठला होता आणि दर पावलाला बूट घासत गेला होता. दोन पावलांतलं अंतरही धर्माजीच्या ढांगेपेक्षा पुष्कळ कमी.

"चोर बुटका आहे. पाय लहान, बूट त्याला ढिले होतात. धर्माजी, रात्री बूट कुठं असतात?"

"ओट्यावर, सायब."

ठशांमागून आम्ही शेताकडे निघालो. बांधापाशी चिखल लागला आणि बुटांचे ठसे संपले. पुढे अनवाणी पावलं होती, लहान, आणि डाव्या पायाला करंगळी नव्हती.

मी वळून गर्दीतले पाय पाहिले. धर्माजीचा शेजारी नागू डावा पाय मागे घेत होता.

हंडा त्याच्याच पेंढ्याच्या उडवीत निघाला.

"आळ धर्माजीवर घालायचा होता ना? मग बूट का काढलेस?"

नागूला माझा प्रश्नच कळेना.

"चिखल व्हता, सायब. दुसऱ्याचं बूट खराब कसं करायचं?"