चीनमधली खुर्ची

प्रेमानंदांच्या घराण्यात एक खुर्ची होती. ती कोणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण तिच्याविषयी ऐकले नाही असा माणूस त्यांच्या नात्यागोत्यात सापडला नसता.

कुही गावच्या शेतमजुराचा मुलगा धोंडबा हा कामठीच्या छावणीतल्या एका गोऱ्या डॉक्टरचा स्वयंपाकी. डॉक्टरबरोबर तो चीनला गेला. त्या काळी तिथले सेनापती देशाचे लचके तोडून आपसांत लढत होते. अशाच एका लढाईच्या आदल्या दिवशी एका कप्तानाने धोंडबाला बोलावले, खुर्चीवर बसवले, चहा दिला आणि धानाचा भारा बांधण्याची कुहीची गाठ त्याच्याकडून शिकून घेतली. गावात ज्याला मालकाच्या ओसरीवर पाय ठेवण्याची सोय नव्हती, त्याला परमुलखातला एक कप्तान खुर्ची देतो, ही गोष्ट त्या घरच्या प्रत्येक लग्नाकार्यात सांगितली जाई आणि टाळी घेतल्याशिवाय संपत नसे.

प्रेमानंद हे त्या धोंडबाचे नातू, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. ऐकीव माहितीशी त्यांचे हाडवैर होते. प्रताप नगरातल्या घरी सात वर्षे ते त्या एका लढाईवर पुस्तक लिहीत होते. उत्तरेची फौज कोणत्या वाटेने उतरली, पाठीवर छत्र्या बांधलेले दक्षिणेचे शिपाई होड्यांच्या पुलापाशी किती वाजता पोहोचले, यावर ते परदेशी अभ्यासकांशी पत्रांतून भांडत.

"उत्तरेच्या तोफा मोजून झाल्या असतील तर सिलिंडरचाही नंबर लावा ना, बाबा," असे त्यांची मुलगी मोनाली म्हणे. पुस्तक टंकित करण्याचे काम तिच्याचकडे होते.

एवढ्या काटेकोर माणसाने पहिले प्रकरण मात्र खुर्चीला दिले होते. रविवारी विहारात प्रकाशन ठरले होते. मजकूर गुरुवारी छपाईला जायचा होता, आणि सोमवारी एका परदेशी संग्रहालयाकडून त्या डॉक्टरच्या अहवालाची प्रत आली.

डॉक्टरने लिहिले होते: 'माघार घेणाऱ्या फौजेने शेतांतून धरून आणलेल्या माणसांना कमरेला दोर बांधून एका माळेत तोफगोळे वाहायला लावले होते. साध्या गाठी सोडवून ती माणसे पळत. म्हणून एका कप्तानाने माझ्या स्वयंपाक्याकडून ताण पडताच आवळणारी गाठ शिकून घेतली. दुसऱ्या दिवशी पुलावर शत्रूचा गोळा पडला. पुढचे तिघे पाण्यात गेले. त्यांनी बाकीच्यांना ओढले. सदतीस प्रेते एकाच दोरावर मिळाली. भिजलेली गाठ हातांनी सुटत नव्हती.'

प्रेमानंदांनी तो कागद तीनदा वाचला. मग ते कुहीला निघाले. धोंडबाची मुलगी, त्यांची आत्या कौसल्या अजून तिथे राहत होती. वय अठ्ठ्याऐंशी, कान तिखट. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेले धान पडून होते.

"बस गा," आत्या म्हणाली. "तोंड काहून उतरलं?"

त्यांनी अहवाल मराठीत वाचून दाखवला. ती ऐकत राहिली.

"सदतीस," ती शेवटी म्हणाली. "बाबा चाळीस म्हणे."

"तुले ठाऊक होतं, आत्या?"

"दोर त्यानंच कापला. एकेकाच्या कमरेचा. मरायच्या आधी मले एकटीले सांगितलं त्यानं. भारा बांधताना कधी पाहिलं का कोणी त्याले? कापणी करे, अन् बांधाले मायले सांगे. लोकं हसत, बायकोचा नोकर म्हणत."

प्रेमानंदांनी कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. "पण आजोबाले काय माहीत, ते गाठ कशासाठी शिकून राहिले. त्यायले वाटलं असन, सामान बांधाले."

"कप्तानानं समोर एक माणूस उभा केला होता. त्याच्याच कमरेवर बांधून दाखवली."

"मंग कळलं नाही त्यायले?"

"कळलं. पण खुर्चीवर बसून होता ना गा तो."

मग वाद घालण्याची आयुष्यभराची सवय प्रेमानंदांच्या मदतीला धावली. खुर्चीचे प्रकरणच वगळतो, ते म्हणाले. पुस्तक लढाईचे आहे, घराण्याचे नाही. शिवाय गावातले काही लोक आपल्याला नावे ठेवायला टपूनच बसले आहेत, त्यांच्या हाती आपण होऊन कोलीत का द्यावे?

"रविवारी विहारात खोटं बोलणार नाही म्हणून शील घेशील, अन् मंग ते पुस्तक वाटशील?"

"वगळणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, आत्या."

"तू प्रोफेसर. तुयं तुले ठाऊक." तिने पदराने डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "पण खुर्ची काढू नको. ते काढली तर त्यानं तसं काहून केलं, हे कोणाले समजन? नुसता पापी दिसन तो. त्या लोकायचे नावं भेटले का?"

"नाही. आकडाच आहे."

"मंग आकडा लिही."

गुरुवारी त्यांनी पहिल्या प्रकरणाला एक परिच्छेद जोडला. त्यात गाठ, दोर आणि आकडा होता; एकही विशेषण नव्हते. मोनालीने तो टंकित केला आणि मजकूर छपाईला पाठवून दिला.

रविवारी वंदना झाली, पंचशील झाले. आत्याला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती; ती खाली सतरंजीवर बसली. प्रेमानंद वाचायला उभे राहिले. कप्तान, चहा, धानाची गाठ. सभेला गोष्ट पाठ होती. खुर्चीचे वाक्य येताच टाळ्या सुरू झाल्या, मागच्या मुलांनी शिट्ट्याही वाजवल्या.

प्रेमानंद थांबले. शेवटचा हात शांत होईपर्यंत थांबले. मग त्यांनी पुढचे वाक्य वाचले.