मूठभर कणीक

मेसच्या टेबलावर त्या दुपारी सतरा पोळ्या, चार भाकरी, एक पातेलं वरण, वांग्याची भाजी आणि मिठाची वाटी होती. चारही भाकरी वेगळ्या ताटलीत, वर फडकं झाकून. त्या शिवकन्येच्या. तरी जेवून उठल्यावर थोड्याच वेळात ती पोट धरून मागच्या संडासाकडे गेली, आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

सत्त्याण्णव सालचा जानेवारी. दिंद्रुडचं आमचं दूध शीतकरण केंद्र खासगी होतं, नवंच उघडलेलं. मी प्रयोगशाळेत दुधाचं फॅट मोजायची. शिवकन्या कॉम्प्युटरवर पावत्या काढायची. नांदूरघाटच्या कापड दुकानदाराची मुलगी, इथं खोली करून राहिलेली. घरमालक स्टोव्ह लावू देत नव्हता, म्हणून दोन्ही वेळचं जेवण मेसमध्ये. ती वाळत चालली होती. कोणी क्षय म्हणालं, कोणी दृष्ट. शेवटी हैदराबादच्या डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा तपासून आजाराचं नाव सांगितलं: सिलिॲक. गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनानं आतड्याचं अस्तर झिजतं. औषध नाही. गहू जन्मभर बंद, कणभरसुद्धा नको.

हे ‘कणभरसुद्धा’ कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं.

“थोडं खाल्लं तर काय होतंय?” आमचे मॅनेजर मोहनराव विचारायचे.

“थोडंसुद्धा नाही, साहेब.”

“आमच्या लहानपणी गव्हाची पोळी सणाला दिसायची. लोक गव्हासाठी जीव टाकायचे, आन हिला गहू सोसंना! मॅडम, हे दुखणं हाय का नखरा?”

मी कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी मेसच्या भिंतीवर लिहून घेतलं: ‘शिवकन्या मॅडम यांना गहू देऊ नये.’ मदत म्हणून! टँकरवाल्या बंकटनं ते मोठ्यानं वाचलं आणि शेजारच्याला म्हणाला, “बे, मॅडमला गहू सोसंना, तसं मला काम सोसंना. माझं बी नाव लिवा की तिथं.” सगळे हसले. शिवकन्याही हसली, आणि भरलं ताट ठेवून उठली.

आता भाकरी खाऊनही दुखायला लागल्यावर मोहनरावांचा धीर संपला. त्यांनी तिला दूध उतरवायच्या डॉकवरच्या काट्यावर उभं केलं. एकोणचाळीस किलो.

“मी दूध काट्यावर घेतो, बोलण्यावर न्हाई,” ते मला म्हणाले. “मार्चअखेर हिची उमेदवारी संपती. तवर एक्केचाळीस भरली तर कायमची ऑर्डर काढतो. न्हाई तर घरी जाऊन तब्येत बघावी.”

“साहेब, माणूस म्हणजे दुधाचा कॅन नाही.”

“मग दुसरं काय मोजायचं ते सांगा.”

मी शिवकन्येला हाताला धरून काट्यावरून खाली उतरवलं.

“वडील तर वाटच बघतायत,” शिवकन्या म्हणाली. “घरी गेले की लग्न. पुन्हा नोकरी नाही, ऋतुजा.”

मी भाकरीच्या मागे लागले. गिरणीत जाऊन पाहिलं; ज्वारीचं जातं वेगळं होतं. तवा, परात मीच नवी आणली होती. राहिलं पीठ. मेसचा स्वयंपाक करणाऱ्या भामाबाई भाकरी थापत असताना परातीतला एक गोळा मागून घेतला, मलमलच्या फडक्यात बांधला आणि नळाखाली चोळत बसले. ज्वारीचं पीठ असं धुतलं की पांढरं पाणी निघून जातं आणि नुसता कोंडा उरतो. कोंडा उरला, पण त्यात काहीतरी चिकट बोटांना लागलं. गोळा करून ओढलं तर रबरासारखं ताणलं गेलं. ज्वारी अशी ताणली जात नाही.

“भामाबाई, ह्यात कणीक आहे.”

“एक मूठच हाय, ताई.”

“अहो, पण का?”

“कावून म्हंजी? जवारी जुनी हाय, चिकटपणा न्हाई राहिला तिच्यात. थापताना भाकर तुटती. हापिसातल्या पोरीच्या ताटात तुटकी भाकर वाढू व्हय? आन लेकरू आधीच वाळलंय. म्हणलं, गव्हानं जरा जोर येईल.”

“भिंतीवर एवढं लिहिलंय ना!”

“ते पोळीचं हाय. मी पोळी कुटं देती तिला?”

मी तिथंच पाटावर बसले. दारात उभी असलेली शिवकन्या म्हणाली, “मावशी, मला तुटकी चालते. चुरूनच खाते की.”

“तू गप. चुरा वाढायला तू काय कोंबडी हाईस?”

“मग उकळत्या पाण्यात पीठ मळा,” मी म्हणाले. “तुटणार नाही.”

“ते मला ठावं हाय. पाणी उकळायला रॉकेल लई लागतंय. साहेब मापून देतेत.”

म्हणजे पुन्हा मोहनराव.

“आता रॉकेल?” ते खेकसले.

मी तो चिकट गोळा त्यांच्या टेबलावरच्या काचेवर ठेवला. त्यांनी तो बोटानं ओढला, सोडला, पुन्हा ओढला.

“हे आतड्याला चिटकून बसतंय व्हय?”

“चिकटत नाही, साहेब. ह्याच्यामुळं अस्तर झिजतं.”

“तेच ते.”

“तेच ते नाही!”

“बरं, बरं. द्या त्या भामाबाईला रॉकेल. असलं पोटात घेऊन कोण काम करील?”

चुकीच्या कारणानं का होईना, रॉकेल मिळालं. मी नवी ज्वारी आणवली. पुढचे काही आठवडे रोज एक गोळा धुऊन पाहिला. भामाबाईंना ते मुळीच आवडलं नाही. “माझ्या हातावर भरवसा न्हाई का?” त्या विचारायच्या. मी “नाही” म्हणायचे आणि फडकं पिळायचे. कोंडाच उरायचा.

मार्चअखेर सकाळचं दूध उतरून झालं. मी काटा स्वतः शून्यावर आणला. शिवकन्येनं चपला काढल्या, पर्स माझ्याकडे दिली आणि वर चढली.

“मॅडम, भाकर खाऊन आल्या का उपाशी?” बंकट ओरडला.

“चार खाल्ल्यात तिनं!” भामाबाई पीठ लागलेल्या हातांनी दारातून म्हणाल्या. “आन एक बी तुटली न्हाई.”

“काटा थांबेपर्यंत गप्प बसा सगळे,” मी म्हणाले.

मोहनराव चष्मा सावरत वाकले. काटा हलला, मागे आला, थांबला.

एक्केचाळीस किलो सहाशे ग्रॅम.