आधी वारा मोजून दाखवा

मित्रांनो, गावामागच्या टेकडीवर पवनचक्की फिरताना तुम्ही खालून पाहिली असेल. तिच्या शेजारी एक वाकडा, गंजलेला खांब आहे. तो कुणाच्या सहसा लक्षात येत नाही. तो खांब म्हणजे मी, एक जुना वारामापक. माझ्या डोक्यावर तीन वाट्या आहेत, म्हणजे होत्या. वारा आला की त्या गरगर फिरत आणि पायथ्याच्या पत्र्याच्या पेटीत आकडे पुढे सरकत.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या एका कारागीर बाईने माझ्या वाट्या पुन्हा पुन्हा तोलून बसवल्या. एखादी वाटी जरा जड झाली असती तर मी जन्मभर लंगडत फिरलो असतो. तिथून माझी रवानगी एका छोट्या विमानतळावर झाली. ते माझे चलतीचे दिवस होते. माझा आकडा पाहिल्याशिवाय विमान जमिनीला चाके टेकवत नसे. येणारेजाणारे माना वर करून माझ्याकडे पाहत आणि मीही जरा जास्तच ऐटीत फिरत असे.

मग नवे यंत्र आले. त्याला ना वाट्या, ना आवाज. मला उतरवून कोठारात मोडक्या खुर्च्यांखाली सारले. दार बंद झाले आणि वारा थांबला. वारामापकाला याहून मोठी शिक्षा नाही. तिथे किती वर्षे गेली ते मला सांगता येणार नाही, कारण मोजायला काही नव्हतेच.

इकडे या गावात विजेची तार पोचलीच नव्हती. दरीच्या तोंडाशी येऊन ती थांबली होती. गिरणीवाल्याचे डिझेलचे इंजिन संध्याकाळी चार दिवे लावायचे आणि दवाखान्यातला लशींचा फ्रिज चालवायचे. डिझेल संपले की फ्रिज बंद पडे आणि लशी वाया जात. दुरून पोरांना कडेवर घेऊन आलेल्या आया तशाच परत फिरत. त्यांना परत पाठवायचे काम सिस्टरच्या वाट्याला येई. सिस्टर म्हणजे दवाखान्यातली परिचारिका. ती बाहेरगावची, एकटीच दवाखान्यामागच्या खोलीत राहायची. तिची लेक शिक्षणासाठी शहरात मामाकडे होती.

गावांनी मिळून वाऱ्यावर स्वतःची वीज तयार केली तर सरकार अनुदान देते, हे सिस्टरच्या वाचनात आले. गिरणीपुढे लोकांना जमवून तिने सगळ्या अटी वाचून दाखवल्या. गावाची समिती हवी, जागा हवी, आणि आधी वर्षभर वारा मोजून दाखवायला हवा.

गिरणीवाला हसत सुटला. "अहो, आमच्या टेकडीवर माणसाच्या डोक्यावरची टोपी दरीत जाते, आणि म्हणे वारा मोजून दाखवा!"

"टोपी गेली एवढं लिहून अनुदान मिळत नाही हो," सिस्टर म्हणाली.

शोधाशोध करून समितीने मला कोठारातून मिळवले. टेम्पोत आडवा पडून मी गावात आलो आणि तारेच्या चार तणाव्यांनी बांधून मला टेकडीवर उभे केले. इतक्या वर्षांनी अंगाला वारा लागला तेव्हा माझ्या वाट्या आधी कुरकुरल्या आणि मग फिरू लागल्या. खाली उभ्या सिस्टरने लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.

रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी ती वर यायची. आकडा लिहून झाला की फोन लावायची, कारण फोनला रेंज फक्त टेकडीवरच मिळे. मला तिचीच बाजू ऐकू यायची.

"हो गं, जेवले... वेणी कोण घालतं तुझी? मामी? घट्ट बांधते का?... नाही गं राणी, या महिन्यात नाही जमायचं."

फोन ठेवल्यावर ती माझ्या अंगावर हात ठेवून नुसती उभी राहायची. वारा पडलेला असला की म्हणायची, "फिर रे बाबा, थोडं तरी फिर." मी काय करणार? वारा मोजता येतो, आणता येत नाही. तिची पावले उतरत गेली की दिवसभर माझ्याजवळ कुणी नसे.

वर्ष सरत आले तेव्हा एक मोकाट वळू टेकडीवर आला. त्याच्या पाठीला खाज होती आणि आसपास झाड नव्हते. त्याने माझा तणावा निवडला. तणावा तुटला, मी कलंडलो आणि माझी एक वाटी दगडावर आपटून फुटली. नवी वाटी येईपर्यंत कित्येक दिवस मोजणी बंद पडली. अर्जाची मुदत तर तोंडावर आली होती.

गिरणीवाला सिस्टरबरोबर वर आला. "सिस्टर, मधले आकडे टाका की भरून अंदाजानं. वाऱ्याला कोण विचारायला जाणार आहे?"

"तुमच्या नातीला मी लस दिली, ती लस थंड होती की नाही हे मी अंदाजानं लिहिलेलं चालेल तुम्हाला?"

गिरणीवाल्याने खाकरून वळूला शिव्या घालायला सुरुवात केली. ते दिवस अर्जात कोरेच राहिले.

अर्ज परत आला. वर्ष पूर्ण भरलेले नाही, पुन्हा मोजणी करावी, असा शेरा होता. त्याच आठवड्यात सिस्टरची बदली झाली, लेकीच्या शहरात. त्यासाठी तिने किती वर्षे खेटे घातले होते! ती वर आली, पण आकडा लिहायच्या आधीच तिने फोन लावला.

"झाली गं बदली... हो, तिथंच... नाही, रडत नाहीये. इथं वारा फार आहे ना, डोळ्यांत पाणी येतं."

मित्रांनो, त्या सकाळी माझी एकही वाटी हललेली नव्हती.

सिस्टर गेली. दुसऱ्या दिवशी कुणी आले नाही. तिसऱ्या दिवशी धापा टाकण्याचा आवाज आला. पाहतो तर गिरणीवाला! दर दहा पावलांवर बसत, टेकडीला नावे ठेवत तो पोचला. आकडा लिहिला आणि फोन कानाला लावला. "सिस्टर, लिहिला बरं का! अंदाजानं नाही, वाचून!"

मग तो रोज येऊ लागला. माझ्याशी तो कधी बोलला नाही. सिस्टरची सवय लागलेल्या मला ते फार जाणवे. पण त्याने एकही सकाळ चुकवली नाही. या खेपेला वर्ष पूर्ण भरले, साहेब लोक येऊन टेकडी पाहून गेले आणि अनुदान मंजूर झाले. पवनचक्की तुकड्यातुकड्यांनी वर आली. फीत कापली गेली, भाषणे झाली. त्यांत माझा उल्लेख नव्हता, आणि सिस्टरचाही नव्हता. तिला रजा मिळाली नव्हती. सगळे खाली गेल्यावर गिरणीवाल्याने फोन लावला, म्हणाला, "ऐका," आणि फोन चक्कीच्या दिशेने धरला.

खाली दिवे आले. दवाखान्याचा फ्रिज बंद पडेनासा झाला. विजेमागोमाग फोनचा मनोराही गावातच उभा राहिला आणि रेंजसाठी टेकडी चढायचे कारण उरले नाही. गिरणीवाल्याचे गुडघे गेले. माझी पेटी पाण्याने कुजली, एक वाटी गळून पडली. उरलेल्या दोन वाट्यांनी मी लंगडत फिरतो. पूर्वी निदान सकाळ तरी माझी होती. आता सकाळही दुपारसारखीच जाते.

शेजारीण म्हणून चक्की आहे, पण ती आपल्या कामात असते. अलीकडे तिच्या आवाजात फरक पडला आहे. जोराचा वारा आला की आत काहीतरी कोरडे घासते. तिच्यात ग्रीस भरायला माणूस यायचा, तो बऱ्याच दिवसांत आलेला नाही. अनुदानातून पाती आली, चक्कीचा मनोरा आला, तारा आल्या. ग्रीस भरायला माणूस पाठवायचे काम गावाकडे होते, आणि समितीची बैठक शेवटची कधी झाली ते समितीलाही आठवत नसेल. दिवे लागतात, म्हणून वर कुणी पाहत नाही.

मित्रांनो, मला माझ्यासाठी काही नको. माझे मोजून झाले आहे. पण एखाद्या सकाळी चौघे मिळून वर या आणि चक्कीच्या बुंध्याला कान लावा. ते घासणे तुम्हालाही ऐकू येईल. मग खाली जाऊन घरातल्या मोठ्या माणसांच्या मागे लागा, ती कंटाळेपर्यंत लागा. दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये तुमच्या धाकट्या भावंडांच्या लशी ठेवलेल्या आहेत.

आज वारा चांगला आहे. चक्की अजून फिरते आहे. तोवर या.