पेंडलबरी कोचचा सत्कार

कुणाचे आभार मानायचे म्हटलं की मराठी माणसाला शाल-श्रीफळाखेरीज काही सुचत नाही. मग सुमेधाला तरी वेगळं काय सुचणार? ओहायोतल्या डब्लिनच्या मराठी मंडळाची मीटिंग चालू असताना तिनं हात वर केला आणि सांगून टाकलं, यंदा गणपतीत सत्कार कीथ पेंडलबरींचा. गुरुदत्त काका म्हणजे मंडळातले सगळ्यात जुने सर्जन. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, हे कोण बुवा? आपल्या पोरांना फुटबॉलचं गोलकीपिंग शिकवणारे इंग्लिश कोच, असं कळल्यावर म्हणाले, मग हरकत नाही, पण परिचय दणदणीत पाहिजे.

सुमेधाच्या मनात काय होतं ते काकांना कुठून कळणार! नागपूरहून इथे आली तेव्हा तिची लेक उर्वी आठ वर्षांची होती, आणि शाळेत तोंडातून शब्द काढत नव्हती. टीचरचे फोन यायचे, सुमेधा गाडीत बसून रडायची. एकदा पार्कात ही पोर मैदानाच्या कडेला एकटीच उभी दिसली, तेव्हा कीथनी तिच्या हातात ग्लोव्ह्ज दिले आणि तिला गोलमध्ये उभं केलं. गोलकीपरला गप्प राहून चालत नाही, पुढच्या पोरींना ओरडून सांगावं लागतं, तू डावीकडे सरक, तू मागे ये. उर्वी आधी पुटपुटली, मग बोलली, मग जी ओरडायला लागली ती आता शाळेच्या टीमची कॅप्टन झाल्यावरही थांबलेली नाही. घरात तिच्या आवाजानं कान किटतात आणि सुमेधाला ते फार गोड वाटतं.

कीथ स्वतःबद्दल बोलत ते तुकड्यातुकड्यांनी. उत्तर इंग्लंडमधलं गिरण्यांचं गाव, तिथल्याच क्लबात गोलकीपर. मग नॉर्वे, तिथे सरावाआधी गोलसमोरचा बर्फ स्वतः काढायचा. मग हाँगकाँग, तिथे घामानं ग्लोव्ह्ज निथळायचे. मग अमेरिकेतली इनडोअर लीग. ती लीग बंद पडली आणि हे इथेच राहिले. गावाचा विषय काढला की मात्र स्वारी हवापाण्यावर घसरायची. आता गावी एकटी असलेली बहीण गुडघ्यांनी अधू झाली होती, म्हणून ऑक्टोबरात त्यांना कायमचं परत जायचं होतं. पार्किंगमध्ये एकदा सुमेधाला म्हणाले, “तिथे मला सगळे ओळखतात. तेच नको वाटतं.”

सुमेधाला वाटलं, केवढा हा विनय! तिनं तेव्हाच ठरवलं, हा माणूस घरी जाईल तो ताठ मानेनं जाईल.

परिचयाला व्हिडिओ हवाच, असं सुशांतचं म्हणणं. सुशांत मुंबईचा, मंडळाचा कायमचा निवेदक, क्रिकेट सोडून कुठल्याच खेळात त्याला गम्य नाही. सुमेधानं ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून, आवाज बंद करून शोधलं, तर काय, कीथ पेंडलबरी नावाची एक क्लिप लाखो लोकांनी पाहिलेली! पावसातली कप स्पर्धेची मॅच, हिरव्या जर्सीतला तरणाबांड कीथ हवेत झेपावतो आणि चेंडू अलगद हातात. तेवढ्यात मॅनेजरनं तिला प्रश्न विचारला आणि पुढचं बघायचं राहिलं. लाखो लोक काय उगाच बघतील? तिनं लिंक सुशांतला पाठवली, कॅच घेतला की थांबव म्हणून बजावलं. उर्वीला एकदा विचारावं, एवढं बाईंना सुचलं नाही. सरप्राइज होतं ना!

कार्यक्रम दुपारी शाळेच्या हॉलमध्ये होता. आरती झाली, मोदक झाले. कीथ जुना ब्लेझर घालून आले होते. शाल पांघरली, नारळ हातात दिला, त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. उर्वी मॅच संपवून तशीच आली आणि मातीनं भरलेले मोजे घालून मागे उभी राहिली. सुशांतनं आवाज चढवून परिचय सुरू केला आणि पडद्यावर क्लिप लागली. झेप, कॅच, आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. काकांना इतकं भरून आलं की ते नाटकाला बसल्यासारखे ओरडले, “वन्स मोअर!” सगळ्यांनी री ओढली.

सुशांतनं पुन्हा लावली आणि टाळ्या स्वतःलाच असल्यासारखा प्रेक्षकांना वाकून नमस्कार करत बसला. थांबवायचं विसरला. झेप, कॅच. मग पडद्यावरचा कीथ चेंडू कुणाकडे फेकावा म्हणून दूर बघतो, हात मागे नेतो, चेंडू ओल्या ग्लोव्हमधून निसटतो आणि त्याच्याच मागे जाळ्यात जातो. स्टेडियम हसतंय. मग तेच सावकाश, मग तेच आणखी सावकाश, वर समालोचकाचं खिदळणं. मागच्या रांगांत काहीजण अजून टाळ्या वाजवत होते. गावात सगळे कशामुळे ओळखतात ते सुमेधाला आत्ता कळलं, आणि तेच तिनं त्यांना शाल पांघरून, सगळ्यांसमोर बसवून दाखवलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

सुशांत धडपडत लॅपटॉप बंद करायला धावला, पण कीथनी हात वर करून त्याला थांबवलं. नारळ खाली ठेवला, माइक घेतला. चेहरा लालबुंद झाला होता.

“उर्वी,” ते म्हणाले, “माझं काय चुकलं?”

उर्वी पुढे आली. तिनं आईकडे पाहिलंही नाही. तिनं इंग्रजीत सांगितलं की चेंडू छातीशी घट्ट धरायच्या आधीच कोचनी नजर काढली. तिला हे सांगायला विचार करावा लागला नाही. कीथ प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवत आले होते, आधी धर, मग बघ, आणि पोरं कंटाळेपर्यंत तेच करून घेत. ते कुठून आलं होतं हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. मग ती हॉलकडे वळली. घरी आईनं मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी पोर, चक्क मराठीत बोलली.

“कोचच्या हातातून तो बॉल सुटला ना, म्हणून आमच्या हातातून सुटत नाही.”

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. काका मात्र उठून उभे राहिले, मग बाकीचे उठले.

सुमेधा स्टेजवर गेली ती माफी मागायला. कीथनी तिचं बोलणं ऐकूनच घेतलं नाही. त्यांना एकच हवं होतं, पोरगी काय म्हणाली? सुमेधानं डोळे पुसत इंग्रजीत सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं आणि खाली मान घालून नीट ऐकलं.

“थँक यू,” ते म्हणाले. “आता तिथे कुणी हसलं, तर मी हे सांगेन.”